सिंगापूरच्या मेन्यूवरील ती दोन अधिक चिन्हे

सिंगापूरच्या सहलीचा खर्च मी दर वेळी पै-पैचा हिशेब मांडून ठरवतो आणि दर वेळी तो जेवणाच्या बिलापाशी कोलमडतो. तेथील अनेक उपाहारगृहांच्या मेन्यूवर किमतीपुढे बारीक अक्षरांत दोन अधिक चिन्हे छापलेली असतात. त्यांचा अर्थ असा की, छापील किमतीवर आधी १० टक्के सेवाशुल्क चढते आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर ९ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २० डॉलरचा पदार्थ प्रत्यक्षात २३.९८ डॉलरला पडतो. गेल्या खेपेस तर टेबलावर आधीच मांडून ठेवलेली शेंगदाण्यांची वाटी आणि ओले टिश्यू यांचेही पैसे बिलात लावलेले निघाले, जे आम्ही मागवलेच नव्हते. कर भरण्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. परंतु हॉकर सेंटरमधील, म्हणजे स्वस्त खाद्यगाळ्यांच्या सार्वजनिक आवारातील, साध्या गाळ्यावर पाटीवर जो आकडा असतो तोच मोजावा लागतो. मग चार पावलांवरच्या वातानुकूलित उपाहारगृहाला ग्राहकाच्या खिशातून शेवटी किती जाणार, तो एकच आकडा छापणे का जमू नये? गुणाकार ग्राहकानेच, तोही भुकेल्या पोटी का करावा?