‘फोन माझा, तर आयएमईआयही माझाच’? नाही

सेकंडहँड मोबाइल घेणाऱ्यांच्या गप्पांत आणि व्हॉट्सॲपवर एक समज घट्ट रुजलाय: फोन पैसे मोजून घेतला, मग आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलला तर बिघडलं काय? शिवाय पाळत चुकते, आणि अडकलाच तर दुरुस्तीवाला अडकतो.

फोन तुमचा, मान्य. पण गाडी स्वतःची आहे म्हणून चॅसी नंबर घासता येतो का? आयएमईआयचे १५ आकडे त्या यंत्राची ओळख आहेत. पहिल्या ८ आकड्यांवरून मॉडेल कळतं, पुढचे ६ त्या एका हँडसेटचे, शेवटचा पडताळणीचा. उत्पादकाखेरीज कुणीही तो मुद्दाम बदलणं २०१७ च्या नियमांनीच बेकायदा ठरवलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ मध्ये यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गुन्हा अजामीनपात्र.

पाळत तर चुकतच नाही. सिमकार्ड केवायसी करून तुमच्याच नावावर घेतलेलं असतं, ते नाव कुठे जातं? उलट फोनमध्ये घातलेला क्रमांक दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३,५०० हून जास्त फोन आढळले. त्यातल्या एकावरून गुन्हा घडला तर पोलीस कुणाच्या दारात जाणार? आणि तो क्रमांक ब्लॉक केला तर बाकी हजारोंचं काय?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. हरवलेला फोन आयएमईआयवरून सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद करणारी सीईआयआर व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, मे २०२३ पासून ती देशभर आहे. लोकलमध्ये ज्याचा मोबाइल मारला गेला, हप्ते अजून फिटायचे आहेत, त्याच्या हातात तेवढाच एक धागा असतो. आयएमईआय बदलणारा नेमका तोच कापतो.

‘वापरणाऱ्याला काही होत नाही’ हेही खोटं. फेरफार माहीत असून असा फोन जवळ बाळगणं हाही याच कलमाखाली गुन्हा आहे. ‘माहीत असून’ हे शब्द महत्त्वाचे. नकळत घेणारा आपोआप गुन्हेगार ठरत नाही. पण नकळत घेतला हे पटवून देताना ठाण्याच्या चकरा त्यालाच माराव्या लागतात. म्हणून जुना फोन घेताना दुकानातच *#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात आलेलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळलं नाही, तर पैसे देऊ नका.