खुलासा: कुकी मॉन्स्टर कुकी खातो, आजही

‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातला निळा, कुकीवेडा बाहुला म्हणजे कुकी मॉन्स्टर. त्याचं नाव बदलून ‘व्हेजी मॉन्स्टर’ केलं, त्याच्या कुकी बंद केल्या, असा मेसेज पुन्हा फिरतोय. परवा मीही तो दोन ग्रुपवर टाकला होता. माझी चूक झाली. नाव बदललेलं नाही, कुकीही बंद नाहीत.

ही अफवा जुनी आहे, साधारण 2005 पासूनची. मुलांमधला लठ्ठपणा वाढतोय म्हणून त्या वर्षी कार्यक्रमात आरोग्याच्या सवयींवर भर दिला गेला. त्यात हूट्स नावाचं घुबड कुकी मॉन्स्टरला गाण्यातून समजावतं, की कुकी रोज नाही, कधीमधी खायची. गाणं संपताना हा पठ्ठ्या विचारतो, ‘ती “कधीमधी”ची वेळ आत्ताच आहे का?’ घुबड हो म्हणतं आणि कुकी फस्त! गाणं पाहिलं की शंका उरत नाही. पण बातमी पसरताना ‘कधीमधी’ गळून पडलं आणि ‘बंद’ तेवढं उरलं. तो भाज्या-फळंही खातो, हे मात्र खरं.

गंमत म्हणजे त्याची कुकी आपल्याला खाववणार नाही. पॅनकेकचं पीठ, फुगवलेला तांदूळ, इन्स्टंट कॉफी असं मिश्रण भाजतात, वर चॉकलेटच्या जागी गोंदाचे ठिपके. बाहुल्याला घसा नसतो, म्हणून सगळा चुरा बाहेर उडतो.

तो मेसेज तुमच्याकडे आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून गेला असेल तर डिलीट करा.