फाशी राहू द्या, निकाल लावा

तलाठी लाच घेताना पकडल्याची बातमी आली की आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल ठरलेला असतो: भर चौकात फाशी. कुणीतरी चीनचा दाखला देतो. मग मला हाक: "तुमच्या सिंगापुरात लगेच लटकवतात ना रे?"

नाही लटकवत. इथे फाशी खुनाला आहे, अमली पदार्थांना आहे, लाचेला नाही. लाचेला जास्तीत जास्त पाच वर्षं, सरकारी कंत्राटाचा मामला असेल तर सात. आपल्याकडे लाचखोर लोकसेवकाला किमान तीन, कमाल सात. कागदावर आपणच कडक!

इथले तेव्हाचे वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांना जुलै २०२३ मध्ये अटक झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १२ महिन्यांची कैद. नोटांच्या बॅगा वगैरे काही नव्हतं. फॉर्म्युला वनची तिकिटं, व्हिस्की, एक ब्रॉम्प्टन सायकल, खासगी विमानातून दोहाची सफर. सगळं मिळून चार लाख सिंगापूर डॉलरच्या वर. लाचेचे दोन आरोप सौम्य केल्यावर त्यांनी गुन्हा कबूल केला. सरकारी वकिलांनी सहा-सात महिने मागितले होते, न्यायाधीशांनी त्याहून जास्त दिले. सौम्य आरोप म्हणजे इथल्या दंडविधानाचं कलम १६५, कामाशी संबंध असलेल्यांकडून लोकसेवकाने भेटी घेणं; तेही आपल्याच १८६० च्या दंडविधानावर बेतलेलं, कमाल शिक्षा दोन वर्षं. पुढे चार महिन्यांनी त्यांना घरकैदेत पाठवलं, तेव्हा माझ्या ऑफिसातल्यांनी नाकं मुरडलीच.

मला हेवा वाटतो तो अटक ते शिक्षा या पंधरा महिन्यांचा. आपल्याकडे सापळा झकास लागतो. पावडर लावलेल्या नोटा, सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारी बोटं, पंचनामा, पेपरात फोटो. पुढे खटला चालवायची मंजुरी, आरोपपत्र, तारखा. साक्षीची वेळ येईपर्यंत तक्रारदार वैतागलेला असतो, पंच फिरलेला असतो आणि साहेब निलंबन संपवून पुन्हा खुर्चीत. खटला दोन वर्षांत संपवण्याचा 'प्रयत्न' करावा, असं आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा म्हणतो. त्याच कायद्याचं कलम १७अ सांगतं की अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी हवी. इथली तपास यंत्रणा पंतप्रधानांच्या हाताखाली आहे, पण त्यांनी तपास अडवला तर राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने तो पुढे नेता येतो.

सिंगापूर डोक्यावर घ्यायची गरज नाही. एवढंसं शहर, सहा दशकं एकाच पक्षाची सत्ता, आणि मंत्र्यांचे पगार ऐकले तर आपले आमदार रजा टाकून इकडे येतील. ते सगळं उचलून महाराष्ट्रात आणता येणार नाही. आणि चीनचं म्हणाल, तर तिथे देहदंड देऊनही दरवर्षी नवे बडे मासे सापडतातच.

फाशीची मागणी पुढाऱ्यांना परवडते, कारण तिला खर्च नाही. विशेष न्यायालयं, पुरेसे सरकारी वकील, वेळेवर येणारे प्रयोगशाळेचे अहवाल, याला पैसा लागतो. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा: आपल्या जिल्ह्यात लाचेचे पाच वर्षांहून जुने खटले किती, आणि ते कुठे अडलेत?