नोकियाचे ‘अश्रू’ आणि त्या दिवशीचा शेअर बाजार

व्हॉट्सअ‍ॅपवर गेली कित्येक वर्षे एक मजकूर फिरतो आहे. मायक्रोसॉफ्टने नोकिया विकत घेतल्याचे जाहीर करताना नोकियाचे सीईओ ‘आम्ही काहीच चूक केली नाही, तरीही हरलो’ असे म्हणाले आणि सगळे व्यवस्थापन रडू लागले, असे त्यात सांगितलेले असते. नोकिया बदलली नाही म्हणून संपली, हा बोधही शेपटासारखा जोडलेला असतो. यातला जवळजवळ प्रत्येक धागा कच्चा आहे.

पहिली गोष्ट त्या वाक्याची. ३ सप्टेंबर २०१३ रोजी फिनलंडमधील एस्पो येथे ही घोषणा झाली, तेव्हाच स्टीफन एलॉप यांनी सीईओपद सोडले आणि अध्यक्ष रिस्तो सीलास्मा यांनी ती जबाबदारी तात्पुरती स्वीकारली. मजकुरातल्या वाक्याला कोणताही भरवशाचा आधार मिळत नाही. शिवाय याच एलॉप यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात कंपनीला समुद्रातल्या जळत्या तेलमंचाची उपमा दिली होती आणि त्या आगीत आपणच तेल ओतले, अशी कबुलीही दिली होती. असा माणूस ‘आम्ही काहीच चूक केली नाही’ म्हणेल, हे पटणे कठीण आहे.

‘नोकिया विकली गेली’ हेही अर्धसत्य आहे. ५.४४ अब्ज युरोंच्या त्या व्यवहारात फोनचा व्यवसाय आणि पेटंट वापरण्याचे परवाने गेले. नेटवर्क आणि नकाशांचे विभाग नोकियाकडेच राहिले. गुंतवणूकदारांचा कौल तर कथेच्या थेट उलट होता. त्या एका दिवसात हेलसिंकीच्या बाजारात नोकियाचा शेअर एक तृतीयांशाहून अधिक वधारला आणि न्यूयॉर्कमध्ये मायक्रोसॉफ्टचा चार टक्क्यांहून अधिक घसरला. पैसा गिळणारा विभाग एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात पडला, असाच बाजाराने या सौद्याचा अर्थ लावला होता. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टला याच व्यवसायापोटी ७.६ अब्ज डॉलर, म्हणजे खरेदीच्या जाहीर किमतीहूनही अधिक रक्कम, निर्लेखित करावी, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढून टाकावी लागली, तेव्हा तो अर्थ बरोबर ठरला.

‘नोकिया बदलली नाही’ हा आरोप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत उथळ आहे. स्पर्शपडदा असलेला ७७१० हा फोन नोकियाने २००४ सालीच जाहीर केला होता, आणि २०१० मध्ये नेटवर्क विभाग धरून संशोधन-विकासावरील तिचा खर्च सहा अब्ज युरोंच्या आसपास होता. कंपनीला नवे सुचत नव्हते असे नाही. सुचलेले एका दिशेने वेळेत तडीस जात नव्हते. आणि शेवटचा मोठा घाव तर बदलानेच घातला. ११ फेब्रुवारी २०११ रोजी सिंबियन या आपल्या स्मार्टफोन चालवणाऱ्या प्रणालीला टप्प्याटप्प्याने निरोप देऊन मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली स्वीकारण्याची घोषणा झाली, पण तिच्यावर चालणारा नोकियाचा पहिला फोन, लुमिया, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये सादर झाला. जी प्रणाली मालकच मोडीत काढणार आहे, तिच्यावर चालणारा फोन मधल्या आठ महिन्यांत कोणी कशासाठी घ्यावा? त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत २.४२ कोटी असलेली नोकियाची स्मार्टफोन-विक्री दुसऱ्या तिमाहीत १.६७ कोटींवर आली आणि याच तिमाहीत अ‍ॅपलने तिला मागे टाकले. घोषणेच्या दिवशीच शेअर सुमारे १४ टक्के कोसळला होता. ज्या दिवसाबद्दल शोकांतिका सांगायला हवी तो हा दिवस. पण त्यात रडणारा सीईओ नसल्याने तो बहुधा कोणी पुढे पाठवत नसावे.

या सगळ्यावरून शेअर बाजार सर्वज्ञ असतो, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र नको. आयफोन बाजारात आला २९ जून २००७ रोजी. त्यानंतर नोकियाचा भाव पडण्याऐवजी चढत गेला आणि नोव्हेंबरपर्यंत २८ युरोंच्या घरात पोहोचला. वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत कंपनीने १३ कोटींहून अधिक फोन विकले, म्हणजे जगात विकल्या गेलेल्या दर दहा फोनांपैकी साधारण चार. गुंतवणूकदार हे आकडे पाहत होते, आणि आकडे खोटे नव्हते. तो शेअर जुलै २०१२ मध्ये दीड युरोच्याही खाली गेला.