‘नॉमिनी लावा, मृत्युपत्र नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात भावकीच्या, तालमीच्या, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘सगळीकडे नॉमिनी लावा, मृत्युपत्राची गरज नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागतो, नोंदणी लागते, मग प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब), त्यात वर्षं जातात आणि एवढं करून ते कोर्टात टिकत नाही. वडिलार्जित जमिनीचं तर मृत्युपत्र होतच नाही. त्यापेक्षा दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवर हयातीतच मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून मोकळे व्हा.’

मी कसबा बावड्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवते. या मेसेजमध्ये अर्धं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच लोकांना तो पटतो. आणि तो मानला तर त्याची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बायकांनाच मोजावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी नॉमिनी. बँक, पोस्ट, म्युच्युअल फंड, साखर कारखान्याचे शेअर, सगळीकडे नॉमिनी जरूर लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, ही चांगली सोय आहे. पण नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घ्यायचा माणूस. ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. सुप्रीम कोर्टाने विम्याबद्दल हे १९८३ साली सरबती देवी खटल्यात सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा तेच सांगितलं. विम्याच्या कायद्यात २०१५ साली बदल झाला. आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना आता लाभार्थी, म्हणजे त्या पैशांचे हक्कदार मानतात, पण त्यावरही न्यायालयांची मतं जुळलेली नाहीत. फ्लॅटचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मालकी वारसांचीच राहते.

आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नॉमिनीचा रकाना कुठे आहे? नाहीच. आपल्याकडच्या घराची खरी ठेव म्हणजे शिरोळ-हातकणंगल्याकडचा उसाचा एक तुकडा आणि शहरातलं घर. त्या दोन्हींना नॉमिनी लावताच येत नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, ते हिशोबानेच सांगते. समजा, राजारामपुरीत एका माणसाच्या स्वकमाईचा फ्लॅट आहे. घरी बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. तो अचानक गेला. बहुतेकांना वाटतं, फ्लॅट बायकोचा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही पहिल्या वर्गातले वारस, प्रत्येकाला चौथा हिस्सा. पुढे ती आईही काही न लिहिता गेली. तिचा नवरा आधीच गेलेला आहे आणि तिला हा मुलगा धरून तीन मुलं होती. मग तिच्या चौथाईचे तीन भाग होतात. एक भाग या नातवंडांना, एक दिराला, एक नणंदेला. म्हणजे ती बायको राहते त्या फ्लॅटमध्ये बारावा हिस्सा दिराचा आणि बारावा नणंदेचा. फ्लॅट विकायचा झाला तर दोघांच्या सह्या हव्यात. नाती गोड असतील तर हक्कसोडपत्र होतं. नसतील तर वाटपाचा दावा लागतो आणि कोर्टातलं वाटप म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हे सगळं दोन कागदांच्या मृत्युपत्राने टळलं असतं आणि सासूबाईंची सोयही त्यातच लिहून ठेवता आली असती.

स्टॅम्प, नोंदणी आणि प्रोबेटचा बाऊ लवकर आवरता येतो. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही. ते साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलेलंही चालतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. तरी मी नोंदणी करा असंच सांगते, कारण फी अगदी किरकोळ आहे आणि मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर रीतसर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. प्रोबेटची सक्ती हिंदूंसाठी मुंबई, चेन्नई, कोलकाता या शहरांपुरती होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मिळकतीबद्दल इथल्या हिंदू माणसाने केलेल्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती.

‘कोर्टात टिकत नाही’ हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण मृत्युपत्रं खरंच पडतात. ती का पडतात, हे मेसेज सांगत नाही. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार, एवढंच कायदा मागतो. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली हवी किंवा ‘ही सही माझीच’ असं करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेलं हवं. मग करणाऱ्याच्या समोर साक्षीदाराने आपली सही करायची. घोळ इथेच होतो. कागद टाईप होऊन येतो, वडील घरी सही करतात, मुलगा तो कागद घेऊन दोन मित्रांकडे जातो आणि त्यांच्या सह्या आणतो. वरवर सगळं बरोबर दिसतं. पण मृत्युपत्राबद्दल वाद झाला की दोघांपैकी किमान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन शपथेवर सांगावं लागतं. उलटतपासणीत तो म्हणतो, ‘नाही, मी सही केली तेव्हा आबा तिथं नव्हते.’ अशा साक्षीनंतर ते मृत्युपत्र उभं राहणं अवघड, मग ते नोंदणीकृत का असेना.

दुसरं कारण म्हणजे संशयास्पद परिस्थिती. सुप्रीम कोर्टाने १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलेली कसोटी आजही लागते. ज्याला सगळं मिळणार त्यानेच मजकूर ठरवायला पुढाकार घेतला, करणारा आजारी होता, बायकोला किंवा मुलीला कारण न देता वगळलं, तर ते संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. म्हणून कोणाला कमी देत असाल तर का, ते दोन ओळींत लिहा: ‘थोरल्या मुलीच्या घरासाठी मी आधीच रक्कम दिली आहे.’ साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, असे घ्या. वय झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडा. गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर उताऱ्यावरून जसेच्या तसे उतरवा. प्रत्येक पानावर सही करा, तारीख घाला आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य विसरू नका.

वडिलार्जित जमिनीबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. अख्खी वडिलार्जित जमीन एकट्याने मृत्युपत्राने देता येत नाही, कारण त्यात मुलांचा जन्मतः हिस्सा असतो. २००५ च्या दुरुस्तीने तो मुलींनाही मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. तिथे वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

आता बक्षीसपत्र. मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. दोनशे रुपयांची स्टॅम्प ड्युटी खरी आहे, पण ती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि विधवा सून यांना राहतं घर किंवा शेतजमीन देताना लागते. उद्यमनगरातला धंद्याचा गाळा द्यायला गेलात तर ही सवलत नाही. खरा प्रश्न पैशाचा नाहीच. मृत्युपत्र तुमच्या मृत्यूनंतर लागू होतं आणि शुद्धीत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवलं आणि स्वीकारलं की घर तुमचं राहत नाही. मुलाने त्यावर कर्ज काढलं, ते विकलं किंवा देवाघरचं बोलावणं त्यालाच आधी आलं, तरी तुम्ही त्या घरात पाहुणे. आणि ‘मुलाच्या नावावर’ असं लिहिणाऱ्याला घरातली बायको आणि मुलगी दिसलीच नाही का?

घर द्यायचंच असेल, तर ‘आम्हा दोघांना हयातभर या घरात राहू द्यायचं आणि आमचा सांभाळ करायचा’ ही अट बक्षीसपत्रात लिहूनच घ्या. ज्यांनी असं बक्षीसपत्र आधीच करून दिलंय आणि आता घरात हाल होताहेत, त्यांनी दस्ताची प्रत काढून ती अट शोधा. अट असेल आणि मुलगा ती पाळत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. सोबत दस्ताची प्रत आणि वयाचा पुरावा लावा. या अर्जासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही.