दोन अँटिबायोटिक म्हणजे चूकच, असं नाही

एका वेळी दोन अँटिबायोटिक लिहून देणारा डॉक्टर बदला, असा सल्ला अँटिबायोटिकवरच्या एका लेखात सरसकट दिलाय. वाचून काळजी वाटली. असलं वाचून टीबीचे पेशंट गोळ्या अर्ध्यावर सोडू शकतात. टीबीत पहिले दोन महिने चार औषधं एकत्रच द्यावी लागतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. एकच दिलं तर त्याला दाद न देणारे थोडे जंतू उरतात आणि तेच फोफावतात. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या बऱ्याच रुग्णांचं हेच झालं. वरच्या चारपैकी पहिली तीन औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात हे खरं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. (रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका.)

खरा धोका लेखात आलाच नाही. जुलाब लागले की लोक मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल या दोन अँटिबायोटिकची एकत्र गोळी आणतात. साध्या जुलाबांना बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते, ओआरएस लागतं. त्यात खोकल्यासाठी आधीच अ‍ॅझिथ्रोमायसिन हे आणखी एक अँटिबायोटिक चालू असेल तर ऑफ्लोक्सासिनबरोबर हृदयाचे ठोके बिघडायची शक्यता वाढते, वयस्कर आणि हृदयरोग्यांत जास्तच. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत किंवा डोसात दोन-तीन औषधं) बंदी घातली, तरी ही सवय सुटलेली नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रक्त पातळ करायची आणि शुगरचीसुद्धा.