चेंडू मागे गेला, एवढ्याने नियमभंग होत नाही

महोदय,

मडगावच्या बास्केटबॉल सामन्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, फ्रंटकोर्टात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटकडील अर्ध्या मैदानात, पोहोचलेला चेंडू आक्रमक संघाच्याच खेळाडूने मध्यरेषेमागे जाऊन उचलला तरी शिट्टी वाजली नाही. पुढे ड्रिबल करणारा, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणारा, खेळाडू एक पाय रेषेपलीकडे टाकून मागे वळला, तेव्हाही वाजली नाही. आणि मी मात्र पंचांची पाठराखण केली.

पहिला प्रसंग घेऊ. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांतील ३० वे कलम फ्रंटकोर्टातला चेंडू बॅककोर्टात, म्हणजे आपल्या बास्केटकडील अर्ध्यात, परत नेण्यास मनाई करते; पण ते चेंडू कुठे गेला एवढेच पाहत नाही. त्याला कोणी स्पर्श केला आणि कोणत्या क्रमाने केला, हे पाहते. संघाचा ताबा फ्रंटकोर्टात प्रस्थापित झालेला असावा, तिथे चेंडूला शेवटचा स्पर्श त्याच संघाचा असावा आणि तो मागे गेल्यावर पहिला स्पर्शही त्याच संघाचा असावा. यांतील एक जरी दुवा निखळला, तरी नियमभंग होत नाही. आपल्या प्रसंगात पास अडवताना बचावपटूची बोटे फ्रंटकोर्टात चेंडूला लागली, हे आपणही मान्य केले आहे. म्हणजे तिथला शेवटचा स्पर्श प्रतिस्पर्ध्याचा ठरला आणि चेंडू मागे जाऊन घेण्यास आक्रमक संघ मोकळा झाला. मागे ताबा मिळताच त्याला पुढे येण्यासाठी नवे ८ सेकंद मिळतात. शॉट क्लॉक (बास्केटवर चेंडू फेकण्यासाठीच्या वेळेचे घड्याळ) मात्र होते तिथूनच पुढे चालते, त्यामुळे आपल्याला वाटते तेवढी ही मोठी सवलत नाही.

दुसऱ्या प्रसंगात आपला गैरसमज अधिक स्वाभाविक आहे. ड्रिबल करत पुढे जाताना दोन्ही पाय आणि चेंडू पूर्णपणे फ्रंटकोर्टाला टेकेपर्यंत चेंडू बॅककोर्टातच धरला जातो. एक पाय पलीकडे असताना मागे वळणे म्हणूनच वैध आहे. ८ सेकंदांची मोजणी मात्र थांबत नाही. खुद्द मध्यरेषाही बॅककोर्टाचाच भाग असते. आपल्याकडच्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर दोन पावसाळ्यांत ही रेषा अर्धी पुसली जाते, हा भाग वेगळा. आयोजकांनी रंगाचा डबा आणला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

फुटबॉल पाहत वाढलेल्या गोमंतकीय प्रेक्षकाला मागे पास देण्यावर बंदी असावी, हेच मुळी विचित्र वाटते आणि ती बंदी एकदा कळली की मागे जाणारा प्रत्येक चेंडू त्याला संशयास्पद दिसू लागतो. आपली नाराजी त्यातून आली असावी, असा माझा अंदाज आहे.

पंच कधीच चुकत नाहीत, असे मी लिहिलेले नाही. बचावपटूच्या बोटांना लागलेला तोच चेंडू फ्रंटकोर्टात उभ्या असलेल्या आक्रमक खेळाडूच्या गुडघ्यावर आदळून मागे गेला असता आणि त्याच संघाने तो तिथे प्रथम हाताळला असता, तर शिट्टी वाजायलाच हवी होती, कारण मग शेवटचा स्पर्श आक्रमकाचा ठरला असता. आपण जोडलेल्या चित्रफितीत हा क्षण खांबाआडून टिपला गेल्याने नीट दिसत नाही. दुसऱ्या कोनातून घेतलेली चित्रफीत आपल्याकडे असल्यास अवश्य पाठवा. त्यात गुडघ्याचा स्पर्श दिसला, तर त्या निर्णयाबाबत मी आपल्या बाजूने लिहीन.